आगाशीवालीचं नाव: वसईतल्या धर्मग्रामांना एक खुलं पत्र

वसईतल्या आपल्या धर्मग्रामांचे फादर, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि देवळाच्या कार्यालयात बसणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. केळी आणि पानवेलीच्या वाडीत वाढलेली, कुपारी, म्हणजे वसईतल्या ख्रिस्ती शेतकरी समाजाच्या घरातली. हे पत्र एका बाईसाठी लिहिते आहे. ती माझी खापरपणजी. माझे वडील जन्मायच्या आधीच ती वारली, पण आमच्या घरात तिचा विषय निघाला नाही असं एकही वर्ष गेलं नसेल. बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठची जी वाडी माझा भाऊ आजही कसतो, ती तिने आपल्या पाटल्या मोडून घ्यायला लावली, असं सगळे सांगत आले. तिला म्हणत आगाशीवाली. माहेर आगाशी, म्हणून आगाशीवाली. तिचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

वडिलांना पुरलं त्या दिवशी हा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला. आपल्याकडची दफनभूमी तुम्ही जाणताच. जागा थोडी, घरं फार. जुनी कबर उकरायची, निघालेली हाडं बाजूला ठेवायची, त्याच जागी नव्याला जागा द्यायची. दगडावर नाव कोरून शंभर वर्षं पडून राहायची चैन आम्हा शेतकऱ्यांना कुठली! माझा भाचा तिथे उभा होता. त्याने विचारलं, "मावशी, ह्यात कोण कोण आहेत?" मी मोजायला लागले. आजोबा, त्यांचे वडील, मग त्यांचे वडील. पुरुषांची नावं चार पिढ्या आली. बायकांकडे वळले तर आजीनंतर एक 'भुईगाववाली' आणि तिच्या आधीची 'आगाशीवाली'. तिथे यादी संपली.

सातबारा बघून झाला. फेरफार काढले. वारसनोंदीत आजोबा आहेत, त्यांचे भाऊ आहेत, बहिणी नाहीत. पाटल्या जिच्या मोडल्या तिचं नाव त्या जमिनीच्या एकाही कागदावर नाही. तलाठ्याच्या दप्तरात ती नाही, मतदारयाद्यांच्या काळाच्या आधीच ती गेलेली, शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नसणार. मग तिचं नाव कुणी तरी, कुठे तरी, निदान एकदा लिहिलं असेल का? असेल, तर ते एकाच ठिकाणी. देवळाच्या वहीत.

इथे तुमचं काम किती मोठं आहे ते सांगते, कारण मला शंका आहे की ते तुमच्यापैकी काहींनाच पुरतं माहीत आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये लग्नांची नोंद वहीत ठेवायचा नियम घातला, बाप्तिस्म्याच्या वहीचं बंधनही तिथलंच. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पाच प्रकारच्या वह्या सांगितल्या: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घराघरातल्या माणसांची मोजदाद. सरकारी जन्मनोंद गावोगाव पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, म्हणजे वहीची ही शिस्त आपल्याकडे त्यांच्याच राज्यात आली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. त्या पडझडीत काय काय गेलं हे सांगायला साक्षीदार थोडे उरले. घंटा मिळाल्या, त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात जाऊन आजही बघता येते. घंटा लुटीत जाते, कारण तिला किंमत असते. वहीला कोण लुटणार? ती भिजते, सडते, वाळवी खाते. मी ज्या कार्यालयांत गेले तिथे मला हाताळायला मिळालेली सगळ्यात जुनी वही १८४० च्या दशकातली होती.

एक फाटा फोडते. गोव्यातले लोक आजोबांची बाप्तिस्म्याची नोंद शोधतात तेव्हा बऱ्याचदा डोळ्यांसमोर पोर्तुगीज पासपोर्ट असतो. आमच्या गावातल्या दोघा-तिघांनी मलाही हळूच विचारलं, "टीचर, त्यासाठीच ना?" नाही हो. वसई त्यांच्या हातून १७३९ लाच गेली, आपल्याला कसला पासपोर्ट. मला एक नाव हवं होतं, बस्स.

तर मी एका देवळाच्या कार्यालयात गेले. कुठल्या, ते लिहीत नाही, कारण जे तिथे झालं ते कुठेही झालं असतं. मागितली ती माझ्या आजोबांची बाप्तिस्म्याची नोंद, साल १८८९. कार्यालयातल्या भल्या माणसाने कपाटातून जाड, स्वच्छ, रकान्यांची वही काढली, पाच मिनिटांत नोंद सापडली, छापील दाखल्यावर उतरवून शिक्का मारून दिली. बाळाचं नाव, वडिलांचं, आईचं, धर्मपिता-धर्ममाता, तारीख. आभार मानून मी घरी आले, आणि रात्री लक्षात आलं की ही वही १८८९ ची असूच शकत नाही. अक्षर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच होतं. चाळीस वर्षांच्या नोंदी आणि अक्षर एक? ती नक्कल होती. कधी तरी कुणी तरी जुनी फाटकी वही बघून नव्या वहीत सगळं सुबक उतरवून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मूळ वहीची चौकशी केली. "ती वाचता येत नाही, पोर्तुगीज आहे," असं उत्तर आलं. वाचता येत नाही हे ठीक, पण आहे कुठे? तिसऱ्या खेपेला ती सापडली. सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे देवळातल्या पाद्रींच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटाच्या तळकप्प्यात, उपवासकाळात पुतळे झाकायच्या जांभळ्या कापडांखाली, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी. पाठीचं कातडं सुटलेलं, कडा कसरीने जाळीसारख्या केलेल्या, आणि मधल्या काही पानांना कुणी तरी मायेने सेलोटेप लावलेली. मायेनेच लावली असणार, पण टेप पिवळी पडून तिच्याखालची अक्षरं तिच्याबरोबरच निघून आली होती.

ती वही मी उघडली तेव्हा मला पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. आज येतात ते तीस-पस्तीस, आणि तेवढे पुरतात. नोंद म्हणजे एक साचा आहे, आरतीसारखा. अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, ह्या देवळात, मी बाप्तिस्मा दिला अमुक नावाच्या बाळाला, 'फिल्यु लेजितिमु', म्हणजे औरस पुत्र, अमुक आणि अमुक यांचा. आणि मग येतो तो शब्द, ज्याच्यासाठी हे पत्र आहे: 'नेतु'. नातू. बापाकडून अमुक आजोबा आणि अमुक आजीचा नातू, आईकडून अमुक आजोबा आणि अमुक आजीचा नातू. एका तान्ह्या बाळाच्या नोंदीत तीन पिढ्या, आणि त्यांत तीन बायका, प्रत्येकीचं स्वतःचं नाव. कुणाची सून म्हणून नाही, कुठल्या गावची म्हणून नाही.

सुबक नकलेत आजी-आजोबांचा रकानाच नव्हता. छापील वहीत नव्हता, म्हणून उतरवणाऱ्याने ते सोडून दिलं. त्याची चूक म्हणवत नाही. रकाना नाही तर लिहिणार कुठे? पण त्या एका रकान्यापायी आमच्या गावातल्या चाळीस वर्षांच्या सगळ्या आज्या गेल्या. मूळ वही त्या तळकप्प्यात एखाद्या पावसाळ्यात भिजली असती तर कायमच्याच गेल्या असत्या. २०१८ च्या जुलैत वसई कशी पाण्याखाली होती ते तुम्ही विसरला नसाल.

१८८९ च्या त्या नोंदीत माझ्या आजोबांच्या बापाकडच्या आजीचं नाव होतं. फादर माझ्याबरोबर वाकून बघत होते. ते म्हणाले, "लुईझा." मलाही तेच वाटलं. पण शाळेत चाळीस पोरांची अक्षरं लावत आयुष्य गेलंय माझं. भिंग लावलं. नावात मधे 'झेड' आहे, आणि 'आय'चं टिंब त्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न. टिंब आधी असेल तर लुईझा, नंतर असेल तर लुझिया. लिहिणाऱ्या पाद्रीने ते घाईत नेमकं झेडच्या डोक्यावर टेकवलेलं. शाई जुनी, लोखंडाची, तिने त्या जागी कागदच खाल्लेला. लुईझा वेगळी, लुझिया वेगळी. लुझिया म्हणजे संत लुसी, डोळ्यांची रखवालदार.

अशा वेळी भावंडांच्या नोंदी बघायच्या असतात, हे मी तेव्हा शिकले. आजोबांच्या धाकट्या बहिणीची नोंद चार वर्षांनी पुढे, दुसऱ्या पाद्रीच्या हातची. त्याचं अक्षर मोत्यासारखं. लुझिया. टिंब जिथे हवं तिथे. आणि मग आठवलं, माझी सगळ्यात थोरली आत्या लुसी. तिला ते नाव का ठेवलं हे तिने कधी सांगितलं नाही, तिलाही माहीत नसावं.

आता माझं मागणं. आधी एक कबूल करते. सगळं सगळ्यांना उघडं करा असं मी म्हणत नाही. आजोबांची नोंद शोधताना एका पानावर मला 'वडील अज्ञात' अशी नोंद दिसली. घर ओळखीचं. त्या घरातली माणसं दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसतात. मी पान उलटलं आणि आजवर घरातही बोलले नाही. फादर वह्या देताना का बिचकतात हे मला त्या दिवशी कळलं. पण त्याला उपाय कुलूप नाही, वर्षांची मर्यादा आहे. ज्यांच्या भाषेत ह्या वह्या आहेत त्या पोर्तुगालातच नियम आहे: जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनी, लग्नाच्या पन्नास, मृत्यूच्या तीस वर्षांनी अभिलेखागारात जातात. तिथल्या जुन्या धर्मग्रामांच्या वह्यांची पानं आज कुणीही घरी बसून बघतो. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या फुकट बघायला ठेवल्या, बऱ्याचशा १८८० पर्यंतच्या. तीही शेतकऱ्यांचीच घरं, आपल्यासारखी, ज्यांचं देवळाबाहेर कुणी काही लिहिलं नाही.

दुसरी भीती मी ऐकली ती अशी, की रोमने मनाई केली आहे. ते अर्धं खरं आहे. २००८ साली व्हॅटिकनहून जगभरच्या बिशपांना पत्र गेलं की अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेला वह्या देऊ नका, कारण तिथले मॉर्मन पंथाचे लोक मेलेल्यांचा त्यांच्या पद्धतीने बाप्तिस्मा करतात. ते कारण मला पटतं. लुझियाचा बाप्तिस्मा एकदा झाला आहे, पुन्हा कुणी करायला नको. पण त्या पत्रात आपण आपल्या वह्यांचे फोटो काढून आपल्याच कपाटात ठेवू नयेत असं कुठे आहे?

उलट चर्चचा कायदा माझ्या बाजूने आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याचं ५३५ वं कलम प्रत्येक धर्मग्रामाला वह्या ठेवायला लावतं आणि जुन्या वह्याही जपून ठेवा म्हणतं. ४८७ वं कलम म्हणतं की आपल्या वैयक्तिक स्थितीशी संबंध असलेल्या, मुळात सार्वजनिक स्वरूपाच्या कागदांची प्रमाणित नक्कल मागायचा संबंधितांना हक्क आहे. आणि ४९१ वं कलम तर आमच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरसारखं आहे: प्रत्येक देवळाच्या दप्तराची यादी दोन प्रतींत करायची, एक देवळात, एक धर्मप्रांताच्या दप्तरात. मी गेले त्यांपैकी एकाही कार्यालयाला मला अशी यादी दाखवता आली नाही. काम कुणी टाळलं असं नाही म्हणत. फादर पाच-सहा वर्षांनी बदलतात, चावी हातोहात जाते, आणि तळकप्प्यात काय आहे हे सांगायचं राहून जातं.

म्हणून पहिली गोष्ट यादीच करा. कुठली वही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठल्या भाषेत, कुठल्या अवस्थेत, आणि ती मूळ आहे की नक्कल. एका रविवारच्या दुपारचं काम आहे. मूळ आणि नक्कल हा फरक लाल शाईने लिहा. नक्कल आहे म्हणून मूळ वही 'आता नको' असं कुणी म्हटलं, तर कृपा करून त्याच्या हातातून ती काढून घ्या.

मग फोटो. त्याला महागडं यंत्र लागत नाही. आमच्या भाच्याने फोनवर केलं. वहीच्या दोन्ही बाजूंना उशा, म्हणजे पाठ मोडत नाही. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड. पानाच्या कडेला पट्टी आणि पान क्रमांकाची चिठ्ठी. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. एका वहीला दोन संध्याकाळ लागल्या. समासही फोटोत यायला हवा, कारण १९०८ पासून माणसाचं लग्न कुठेही झालं तरी त्याची टीप त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचा नियम आहे. ती बहुधा समासातच असते. पोरगी कुठे नांदायला गेली हे तिथे सापडतं.

लग्नाच्या वहीत तर वेगळाच खजिना आहे. लांबच्या नात्यात लग्न ठरलं की सूट घ्यावी लागे, १९१७ पर्यंत चौथ्या पिढीच्या नात्यापर्यंत, आणि ती सूट नोंदीत येते: 'तिसऱ्या अंशाचं नातं, सूट दिली.' म्हणजे नवरा आणि नवरी कुणाच्या तरी पणजीपाशी एक होतात, हे पाद्रीने स्वतः लिहून ठेवलेलं. आमच्या घराचं टोपणनाव आणि गावातल्या दुसऱ्या एका घराचं टोपणनाव एकच का, ते कोडं अशाच एका ओळीने सुटलं. आडनावांवर जाऊन काही हाती लागत नाही. लोपीस, परेरा, डिसोझा इतके, आणि त्यांत पास्कू आणि दुमिंगू इतके, की टोपणनाव नसतं तर आम्ही एकमेकांच्याच वाडीत शिरलो असतो.

मृत्यूची वही मी फक्त चाळली. १९१८ च्या ऑक्टोबरपाशी थांबले. इन्फ्ल्युएन्झाची साथ. आधी दर नोंदीत चार-पाच ओळी. मग दोन. मग नाव, वय, 'पुरलं'. एका दिवशी सात. अक्षर मधेच बदलतं, आणि पहिलं अक्षर पुन्हा येत नाही.

आणखी एक घडलं ते सांगायला हवं. दुसऱ्या एका ठिकाणी, तेही नाव न घेता, मी आजीच्या माहेरची नोंद शोधत होते. अनुक्रमणिकेत पान होतं, वहीत नव्हतं. ब्लेडने कापलेलं, अगदी शिवणीला लागून. कुणाला तरी तो कागद हवा होता, जमिनीच्या भानगडीसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी, देव जाणे. त्या पानावर अजून तीन घरांची बाळं होती. त्यांना कुणी विचारलं नाही. कुलपाने वही जपली जाते असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे पान दाखवीन, म्हणजे त्याची शिवण दाखवीन. फोटो असते तर चोरून काही उपयोग झाला नसता.

आपला धर्मप्रांत १९९८ चा, त्याआधी मुंबईचा महाधर्मप्रांत. पण १८८६ ते १९२८ आपण दमणच्या बिशपांखाली होतो, आणि त्याच्याही आधी गोव्याच्या आर्चबिशपांखाली. म्हणजे आपल्या कागदांचा माग मुंबईला संपत नाही. हे काम एकेका धर्मग्रामाने एकट्याने रेटायचं नाही. कॉलेजातली मुलं आहेत, निवृत्त माणसं आहेत, पोर्तुगीज साचा मी एका दुपारी शिकवते. सातवीच्या पोरांना समास शिकवले तिथे हे काय अवघड!

आता राहिलं माझं स्वतःचं. आजोबांचे वडील १८६०-६२ च्या आसपासचे, म्हणजे लुझिया साधारण १८४० ची. तिचा बाप्तिस्मा तिच्या माहेरी झाला असणार. तिची नोंद मिळाली तर तिची आई मिळेल, आणि दोन्हीकडच्या आज्या. त्या वर्षांची वही आज कुठल्या कपाटात आहे, एवढं कुणी कळवलं तर दिवाळीनंतर, वाडीतलं काम आटोपलं की मी येईन. भिंग, पट्टी आणि दोन उशा माझ्या मी आणीन.

आपली नम्र,
लुझियाची खापरपणती